उतारवयात छोट्या जहाजाची सफर: नदी निवडावी की किनारा?

सांजवारा
नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मी ६८ वर्षांची, हे ७४. ह्यांचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय, डावा अधूनमधून कुरकुरतो. एका कानाला यंत्र आहे. सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालतात, जिना मात्र कठडा धरून, एकेक पायरी. माझं म्हणाल तर रक्तदाबाची गोळी सोडली तर बरं आहे.

मागे एकदा मोठ्या जहाजावर गेलो होतो, तीन हजार माणसांच्या. समुद्र दोघांनाही फार आवडला, जहाज नाही. केबिनपासून जेवणाच्या हॉलपर्यंत जाऊन येईतो हे दमायचे. उतरायला रांग, चढायला रांग. एका बंदरात तर रांगेतच इतका वेळ गेला की धक्क्यावर एक चक्कर मारली आणि परत फिरलो. म्हणून आता छोटं जहाज हवंय, शंभर-दीडशे माणसांचं किंवा त्याहून लहान.

समोर दोन पर्याय आहेत. ऱ्हाईन किंवा डॅन्यूब नदीवरचा एक आठवडा, नाहीतर नॉर्वेच्या किनाऱ्याकिनाऱ्याने. माहितीपत्रकं आणून वाचली. केबिनचे, किल्ल्यांचे, सूर्यास्ताचे फोटो भरपूर आहेत. मला हवंय ते मात्र कुठेच सापडत नाही: पायऱ्या किती, लिफ्ट कुठपर्यंत जाते, जहाजातून जमिनीवर यायचं म्हणजे नेमकं काय करायचं. ज्यांनी ह्या वयात किंवा आईवडिलांना घेऊन असा प्रवास केलाय त्यांनी सविस्तर लिहा. कौतुक नको, प्रत्यक्षात काय झालं ते सांगा.

टिटवी
चांगला विषय. आमच्या घरीही हीच चर्चा चालू आहे. वाचतेय.

पैलतीर
ताई, मी दोन्ही नद्या केल्यात. ऱ्हाईन ६६व्या वर्षी, डॅन्यूब ७०व्या. तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे आणि तो मी पहिल्या वेळी विचारलाच नव्हता.

युरोपातली नदीवरची जहाजं एका साच्यातून काढल्यासारखी दिसतात, त्याला कारण लॉक, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून जहाज पुढे सोडणारे दोन दरवाजांचे हौद. माईन (ऱ्हाईनला मिळणारी नदी) आणि डॅन्यूब जोडणारा १७१ किलोमीटरचा कालवा १९९२ मध्ये पुरा झाला. त्याच्या लॉकची रुंदी १२ मीटर. त्यात मावायचं म्हणून जहाज साडेअकरा मीटरपेक्षा रुंद करता येत नाही, आणि लांबी फार तर १३५ मीटर. पुलांखालून जायचं म्हणून उंचीही बेताची. त्यामुळे राहण्याचे मजले दोन किंवा तीन आणि वर उघडा डेक. सगळ्यात खालच्या मजल्याच्या खिडक्या छताजवळ, अरुंद, न उघडणाऱ्या. स्वस्त असतात, पण पलंगावर बसून नदी दिसत नाही.

आता लिफ्ट. बहुतेक जहाजांत ती फक्त वरच्या दोन मजल्यांमध्ये फिरते. खालच्या मजल्याला जात नाही, उघड्या डेकला जात नाही. काही जुन्या जहाजांत लिफ्टच नाही. त्यामुळे 'लिफ्ट आहे का' असं विचारू नका, 'लिफ्ट कोणत्या मजल्यापासून कोणत्या मजल्यापर्यंत' असं विचारा.

दुसरी गोष्ट माहितीपत्रकात कधीच नसते. गर्दीच्या गावात धक्का कमी पडतो, मग जहाजं एकमेकांना खेटून उभी करतात. दोन, तीन, कधी चार. तुमचं जहाज बाहेरच्या अंगाला असेल तर मधल्या जहाजांच्या दिवाणखान्यांतून चालत जमिनीवर जायचं. दारं समोरासमोर आली तर सोपं. नाही आली तर आपल्या उघड्या डेकवर चढायचं, तिथून पलीकडच्या डेकवर जायचं आणि पुन्हा खाली उतरायचं. येताना तेच उलटं. रोज असं होत नाही, पण एकदा झालं तरी गुडघ्याला कळतं.

ह्यातलाच एक गोड प्रसंग. सकाळी पडदा सारला तर हातभर अंतरावर दुसऱ्या जहाजाची खिडकी आणि तिथे एक आजोबा दाढी करत होते. त्यांनी ब्रश हलवून रामराम केला, मीही हात हलवला. पुढे तीन गावं आमची अशीच गाठ पडत राहिली.

कदंब
पैलतीर, ब्रशवाले आजोबा फार आवडले.
नदीत बोट लागते का हो? मला झोपाळ्यावरही गरगरतं.

पैलतीर
@कदंब, नदीत हेलकावे जवळजवळ नसतातच. लॉकच्या भिंतीला जहाज घासतं तेव्हा एक हलका दणका बसतो, रात्री तेवढ्याने जाग येते. केबिन अगदी मागच्या टोकाला नको, तिथे इंजिनची घरघर लागते.

दीपस्तंभ
माझी नोकरी व्यापारी जहाजांवर गेली, म्हणून किनाऱ्याच्या बाजूने लिहितो.

नदी आणि समुद्र ह्यांत मोठा फरक म्हणजे लाट. जहाज जितकं लहान तितकं ते लाटेवर जास्त नाचतं. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डावं-उजवं डोलणं बरंच कमी करतात. लहान जहाजांत ते असतीलच असं नाही, म्हणून विचारून घ्या. पुढून-मागून होणारं वर-खाली मात्र ते थांबवू शकत नाहीत. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घेतली की हालचाल सर्वांत कमी जाणवते. लोक उंचावरची, बाल्कनीची केबिन घेतात आणि नेमके तिथेच हेलकावे जास्त.

नॉर्वेचा किनारी मार्ग १८९३ पासून चालू आहे. नैर्ऋत्येच्या बर्गनपासून पार ईशान्य टोकाच्या किर्केनेसपर्यंत आणि परत, जाऊन-येऊन ३४ बंदरं, साधारण १२ दिवस. ही मुळात टपाल, माल आणि गावोगावचे प्रवासी नेणारी सेवा, आजही थोडीफार तशीच आहे. म्हणजे बंदरात जहाज तुमच्यासाठी थांबत नाही, वेळापत्रकाप्रमाणे थांबतं. कुठे तीन-चार तास, कुठे पंधरा मिनिटं, आणि बरीच बंदरं रात्री येतात. रात्री दोनला मालाचं दार उघडण्याचा आवाज ज्यांना चालतो त्यांनीच हा मार्ग घ्यावा.

बराचसा रस्ता बेटांच्या आडोशाने जातो. पण हुस्टाडविका, वेस्टफ्योर्ड आणि उत्तर टोकाचा पूर्वेकडचा भाग उघड्या समुद्राचा आहे. वारा असेल तर तिथे डोलणारच. शिवाय ही जहाजं तुम्ही म्हणता तितकी लहान नाहीत, बहुतेकांवर काहीशे माणसं असतात. ताईंच्या दृष्टीने त्याचा फायदाच आहे, कारण त्यामुळे बहुतेक जहाजांत लिफ्ट असते.

आणि उतरण्याबद्दल. समुद्रात भरती-ओहोटी असते. सकाळी गँगवे (जहाजातून धक्क्यावर उतरायचा छोटा पूल) जवळजवळ सपाट होता म्हणून संध्याकाळी तो तसाच राहणार नाही. जहाज पाण्याबरोबर उतरतं, धक्का जागचा हलत नाही. उतार तीव्र वाटला तर घाई करू नका, खलाशाला हाक मारा. माणसाला हात देऊन उतरवणं हे त्याच्या कामातच येतं आणि तो ते मनापासून करतो.

मुक्ता_२
सगळ्यांचे अनुभव चांगले आहेत, पण मी वेगळं मत मांडते. छोटं जहाज म्हणजे वयस्कर माणसांना सोपं, हे मला पटत नाही.

माझे वडील ७८ वर्षांचे असताना मोठ्या जहाजावर त्यांना रात्री धाप लागली. पाच मिनिटांत डॉक्टर आले, दवाखाना दोन मजले खाली, ऑक्सिजन, ईसीजी, एक्स-रे सगळं तिथेच. सकाळपर्यंत त्यांना तिथेच ठेवून घेतलं. ते वीस-तीस खोल्यांच्या बोटीवर असते तर काय झालं असतं, ह्या विचाराने अजून झोप उडते. मोठ्या जहाजावर सगळ्या मजल्यांना लिफ्ट असते, चाकाच्या खुर्चीला रुंद दारं असतात, हेलकावे कमी. रांगा असतात हे खरं, पण रांगेत बसायला खुर्ची मागता येते.

वैद्यराज
मुक्ताताईंच्या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून नियम काय आहे ते सांगतो. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार ज्या जहाजावर १०० किंवा त्याहून अधिक माणसं असतात आणि जे तीन दिवसांहून लांब आंतरराष्ट्रीय सफरी नेहमी करतं, त्यावर पात्र डॉक्टर असणं बंधनकारक आहे. ही संख्या खलाशी धरून. म्हणजे साठ-सत्तर प्रवाशांच्या बऱ्याच जहाजांना हा नियम लागू होत नाही. नदीवरच्या जहाजांवर साधारणपणे डॉक्टर नसतोच.

पण नदीवर दोन्ही काठ दिसत असतात. कप्तान जवळच्या धक्क्याला लावतो आणि रुग्णवाहिका येते. उघड्या समुद्रात किंवा दुर्गम बेटांपाशी तसं नाही. त्यामुळे प्रश्न असा विचारा: ह्या मार्गावर कुठल्याही क्षणी रुग्णालय किती तासांवर आहे? हृदयाचा, फुप्फुसाचा आजार असेल त्यांच्यासाठी माझ्या मते नदी बरी, आणि नदीतही गावागावांतून जाणारी.

@कदंब, बोट लागण्यावर कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी मिळते. तरुणांना ठीक. साठीनंतर तिने गोंधळल्यासारखं होऊ शकतं, तोंड कोरडं पडतं, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते, आणि काचबिंदूच्या एका प्रकारात ती चालतच नाही. मळमळीच्या इतर गोळ्यांनीही झोप आणि तोल जाणं होतं. डोलत्या जहाजावर तोल जाणं म्हणजे खुब्याचं हाड. आपल्या डॉक्टरांना विचारून, घरी एक दिवस घेऊन बघितल्याशिवाय नको.

औषधं दोन भागांत वाटून दोघांच्या हातातल्या पिशव्यांत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. यादी औषधांच्या मूळ नावांनी लिहा, ब्रँड देशागणिक बदलतात. विमा घेताना आधीचे आजार लपवू नका, आणि तातडीने हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते बघा.

कदंब
वैद्यराज, आभार. पट्टी लावणार होतो, आता आधी विचारतो.

रेवा
मी एकटी जाते, म्हणून माझी बाजू. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी मुलाने मोठ्या जहाजावर पाठवलं. आठ दिवसांत एकाही माणसाचं नाव कळलं नाही. रोज जेवायला नवीन टेबल, नवीन चेहरे. तिसऱ्या दिवसापासून मी केबिनमध्येच मागवायला लागले.

पुढच्या वर्षी क्रोएशियाच्या किनाऱ्यावर ३६ जणांच्या बोटीवर गेले. दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यांना सगळ्यांची नावं पाठ. मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं हे लक्षात आल्यावर सगळे आपोआप उजवीकडे बसायला लागले. एका सकाळी मी उशिरा उठले तर दोघी दार वाजवायला आल्या, बरी आहेस ना म्हणून. घराबाहेर इतकं घरच्यासारखं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आता अडचणी. त्या बोटीला लिफ्ट नव्हती. केबिनकडे जाणारा जिना उभा आणि अरुंद, उतरताना शिडीसारखं पाठमोरं उतरावं लागायचं. न्हाणीघराला उंच उंबरठा होता, पाणी बाहेर येऊ नये म्हणून, आणि पहिल्या रात्री मला तिथे ठेच लागली. वारा फिरला तेव्हा एक बेट रद्द झालं. रात्री मात्र बोट बंदरातच उभी असायची, त्यामुळे झोप छान.

एकटीने जाणाऱ्यांकडून केबिनचा जादा आकार घेतात, कधी जवळजवळ दोघांचा. काही जहाजांत एकेरी केबिन असतात, त्या सर्वांत आधी संपतात. वर्षभर आधी विचारा.

शेवंती
रेवाताई, वाचून डोळे भरून आले.

अमोघ
पाण्याच्या पातळीबद्दल अजून कुणीच कसं लिहिलं नाही? आम्ही आईबाबांना घेऊन ऱ्हाईनवर गेलो ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये. आठ दिवसांपैकी तीन दिवस बसमध्ये. पाणी इतकं खाली होतं की आमचं जहाज पुढे जाऊ शकेना. कंपनीने सामान बांधायला लावलं, बसने वरच्या बाजूला नेलं आणि तिथे उभ्या असलेल्या दुसऱ्या जहाजावर चढवलं. कर्मचारी बिचारे खूप झटले. पण आईला बसचा प्रवास नको म्हणून जहाज निवडलं होतं, आणि शेवटी बसच नशिबी आली. करारात बारीक अक्षरात लिहिलं होतं की मार्ग बदलला तरी परतावा नाही. सही माझीच होती. आईचा तो दमलेला चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं.

दीपस्तंभ
अमोघ, २०१८ आणि २०२२ ही दोन्ही वर्षं ऱ्हाईनला वाईट गेली. मधल्या ऱ्हाईनवर काऊब नावाचं गाव आहे, तिथलं पात्र सगळ्यांत उथळ. तिथल्या मोजपट्टीवर सगळ्या जहाजांचं लक्ष असतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ती ४० सेंटिमीटरच्याही खाली गेली होती. बातम्यांत हा आकडा वाचून लोकांना वाटतं की नदीत गुडघाभर पाणी उरलं. तसं नसतं. मोजपट्टीचं शून्य तळाशी नसतं, जहाजाच्या वाटेवरची खोली त्याहून मीटरभर तरी जास्त असते. तरीही ती दीड मीटरच्या आसपास आली की भरलेल्या जहाजाला धोका.

डॅन्यूबवर असाच अडकायचा भाग म्हणजे जर्मनीतला श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन, साधारण ७० किलोमीटर. तिथे बंधारे नाहीत, नदी मोकळी वाहते. पासाऊपासून खाली बुडापेस्टकडे जाणारी सफर हा भाग टाळते. ज्यांना बसची भीती आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं.

उलट टोकही आहे. बर्फ वितळून किंवा पावसाने पाणी चढलं की पुलाखाली जागा उरत नाही, तेव्हाही जहाज थांबतं. हमी कुठल्याच महिन्याची देता येत नाही. तरी उन्हाळ्याचा शेवट आणि शरद हा पाणी घटण्याचा काळ.

पैलतीर
मी नेहमी सप्टेंबर सुचवायचो, कारण ऊन सौम्य असतं. अमोघचं वाचून मत बदललं. मे-जून बरा.

सांजवारा
किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! हे शेजारी बसून ऐकतायत, मी मोठ्याने वाचून दाखवतेय. त्यांचे तीन प्रश्न: न्हाणीघरात धरायला कडी असते का? सहलीत वाटाड्याचं बोलणं ऐकायला जे हेडफोन देतात ते कानाचं यंत्र असताना कसे लावायचे? आणि नाईल कुणी केलीय का?

नीलपक्षी
नाईल मी केली, ७१व्या वर्षी, लक्सर ते अस्वान. देवळं बघून जन्माचं सार्थक झालं. कोम ओम्बोचं देऊळ तर काठावरच आहे, संध्याकाळी दिवे लागलेले असताना जहाजातून दिसतं आणि पाय आपोआप तिकडे वळतात.

पण ताई, ह्यांच्या गुडघ्यासाठी मी कचरेन. तिथे जहाजं पाच-पाच, सहा-सहा एकमेकांना लावतात, पैलतीर म्हणतात त्याच्या दुप्पट. काही ठिकाणी धक्क्यावरून रस्त्यापर्यंत बऱ्याच पायऱ्या. ऊन टाळायला पहाटेच निघावं लागतं. ऑक्टोबर ते एप्रिल सोडून जाऊच नये.

तिथे दहाबिया नावाच्या शिडाच्या नौका असतात, मोजक्या केबिनच्या. वारा पडला की छोटी बोट ओढून नेते. मोठी जहाजं जिथे थांबत नाहीत अशा बेटांवर त्या थांबतात. मी शेवटचे दोन दिवस तशा नौकेवर होते. इंजिन नाही, फक्त शिडाचा फडफडाट आणि काठावरचे बगळे. उतरायला मात्र एक फळी, खाली वाळू. दोन नावाडी दोन बाजूंनी हात धरून उभे राहतात. मला भीती वाटली नाही, पण माझे गुडघे शाबूत आहेत.

टिटवी
इतका वेळ वाचत होते, आता लिहिते. आमचं अखेर कालव्याच्या बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या संथ बोटीवर, ठरलं होतं आणि आम्ही जाऊनही आलो, दक्षिण फ्रान्समध्ये, कनाल दु मिदीवर. एकूण आठ प्रवासी. वेग माणसाच्या चालीचा. लॉक आला की खाली उतरायचं, काठाकाठाने सपाट वाटेवर चालायचं आणि पुढच्या लॉकला पुन्हा चढायचं. ज्याला चालायचं नाही त्याने डेकवर बसून राहायचं. नवऱ्याला चालायचा उत्साह, मला बसायचा, दोघंही खूश.

हा कालवा १६८१ मध्ये पुरा झाला, मुख्य धार २४० किलोमीटर. लॉक लंबगोल आहेत, पोटाकडे फुगलेले, म्हणजे भिंतींना मातीचा दाब सहन होतो. बघतच राहावं असं काम आहे.

अवांतर: त्याच्या काठची चिनाराची झाडं एका बुरशीने मरतायत. २००६ मध्ये रोग सापडला, तेव्हापासून हजारो झाडं तोडावी लागली. कुठे दाट सावली आणि पुढच्या वळणावर नुसते बुंधे. नवी झाडं लावतायत, वेगळ्या जातींची. बघून गलबललं. उन्हाची टोपी न्याच.

शेवंती
टिटवी, झाडांबद्दल माहीत नव्हतं. मनाला लागलं.

पैलतीर
@सांजवारा, धरायच्या कडीचा प्रश्न फोनवर विचारला तर 'हो हो' म्हणतात. त्या केबिनच्या न्हाणीघराचा फोटो मागा. पाठवतात, मला पाठवला होता. हेडफोनचं म्हणाल तर जहाजावर मिळणारा बोंडाचा इयरफोन यंत्रावर बसत नाही. यंत्रात टेलिकॉइल (आवाज बिनतारी थेट यंत्रात घेणारी छोटी गुंडाळी) असेल तर गळ्यात घालायची वायर मिळते, तिची पिन वाटाड्याच्या डबीत लावायची. नसेल तर कान पूर्ण झाकणारे आपले साधे हेडफोन न्यावेत. सहलीला सावकाश चालणाऱ्यांचा गट वेगळा करतात, पहिल्याच दिवशी त्यात नाव द्या. दगडी फरसबंदीवर मागे पडून धावण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

क्षितिज
ज्यांची तब्येत साथ देते त्यांच्यासाठी लिहितो. ७२ व्या वर्षी गालापागोसला गेलो. तिथे कुठल्याही जहाजावर १०० पेक्षा जास्त प्रवाशांना परवानगी नाही, आणि एका वाटाड्याबरोबर जास्तीत जास्त १६ माणसं. बेटावर उतरणं दोन प्रकारचं, कोरडं आणि ओलं. कोरडं म्हणजे खडकावर किंवा धक्क्यावर पाय. ओलं म्हणजे रबरी बोटीच्या कडेवर बसून पाय बाहेर काढायचे आणि गुडघाभर पाण्यात उभं राहायचं.

तिथे शिकलेली एक गोष्ट सगळ्यांच्या कामाची आहे. बोटीत चढता-उतरता खलाशाचा पंजा धरायचा नाही, मनगटाच्या वर धरायचं, आणि तोही आपल्याला तिथेच धरतो. ओला हात निसटतो, ही पकड निसटत नाही. काठी किंवा पिशवी आधी त्याच्याकडे द्यायची, दोन्ही हात मोकळे ठेवायचे.

दीपस्तंभ
क्षितिज, अगदी बरोबर. नव्या खलाशांनाही आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवायचो.

मुक्ता_२
हे सगळं वाचून मला उलट धास्तीच वाटतेय. फळी काय, ओलं उतरणं काय. माझ्या आईला मी तरी पाठवणार नाही.

रेवा
मुक्ता, रागावू नकोस, एक विचारते. आईला विचारलंस का? माझ्या मुलाने माझ्या काळजीपोटी जे जहाज निवडलं त्यावर मी सुरक्षित होते आणि एकटी होते. काळजी खरी होती, पण मला काय हवंय हे त्याने विचारलं नव्हतं. डॉक्टर कुठे आहे हे तू बघ, ते तुझं कामच आहे. नदी की समुद्र, हे तिला ठरवू दे.

मुक्ता_२
रागावले नाही, रेवाताई. विचारलं नव्हतं हे खरं. आज रात्री फोन करते.

सांजवारा
पंधरा दिवसांनी येतेय, कारण आम्ही तेवढे दिवस फोन करत होतो. सात ठिकाणी. दीपस्तंभ आणि पैलतीर ह्यांचे प्रश्न कागदावर लिहून ठेवले आणि सगळीकडे तेच विचारले: लिफ्ट कुठून कुठे, रोजच्या थांब्यांपैकी किती ठिकाणी दुसऱ्या जहाजातून जावं लागतं, न्हाणीघराचा फोटो, पाणी घटलं तर काय करता. चार ठिकाणी पहिल्याच प्रश्नाला गडबडले. दोघांनी 'कळवतो' म्हणून कळवलं नाही. एका बाईंनी मात्र जहाजाचा नकाशाच पाठवला आणि वर सांगितलं की व्हिएन्नाला बहुधा दुसऱ्या जहाजातून जावं लागेल, पण दिवाणखान्याच्या पातळीवरून व्हावं असा प्रयत्न करू, आणि नाही झालं तर खलाशी सोबत येईल.

त्यांच्याकडेच नाव दिलं. पासाऊ ते बुडापेस्ट आणि परत, आठवडाभर, मेच्या शेवटी. मधल्या मजल्यावरची केबिन, लिफ्टपासून तिसरं दार, इंजिनपासून लांब. त्याच मजल्यावर जेवणघर. उघड्या डेकला ११ पायऱ्या आहेत, दोन्हीकडे कठडा. ह्यांनी आपल्या इमारतीच्या जिन्यावर रोज सकाळी ११ पायऱ्यांचा सराव सुरू केलाय, चढून वर थांबायचं, मग उतरायचं.

नॉर्वे सोडलेलं नाही. दीपस्तंभ, एकाच दिशेची सफर करता येते असं कळलं, बर्गनहून किर्केनेसपर्यंत सहा रात्री. ह्यावेळी गुडघ्याने साथ दिली तर पुढच्या वर्षी. हे म्हणतात, समुद्र बघितल्याशिवाय मी थांबणार नाही.

दीपस्तंभ
उत्तम निर्णय. एकीकडचंच करा आणि केबिन मध्यावर, खाली घ्या. रबरी तळव्यांचे, टाच बंद असलेले बूट जहाजावरही घालून ठेवा. पहाटे दव पडलं की डेक निसरडा होतो.

मुक्ता_२
आईला विचारलं. 'मला त्या चालीच्या वेगाच्या बोटीवर जायचंय, जिथे उतरून चालता येतं' म्हणाली. @टिटवी, तुम्हाला वैयक्तिक संदेश पाठवलाय. बार्जच्या जिन्याबद्दल विचारायचंय.

टिटवी
@मुक्ता_२, मिळाला. जिन्याच्या सात पायऱ्या, बाकी रात्री लिहिते.

गोकर्ण
उशिरा आलो, पण एक शंका. रात्री श्वासाचं यंत्र लावून झोपतो. छोट्या जहाजावर पलंगाजवळ प्लग असतो का?

वैद्यराज
@गोकर्ण, नाव नोंदवतानाच सांगा, लांब वायर आणि ऊर्ध्वपातित पाणी आधी सांगितलं तर बहुतेक ठिकाणी देतात. आपली वायर नेणार असाल तर चालेल का ते विचारा, काही जहाजांवर आगीच्या भीतीने काही प्रकार जप्त करतात. आणि यंत्र विमानात हातातल्या सामानातच न्या.